पाण्याचे पैसे घेता, हवेचं काय?

इनडोअर पूलमध्ये शिरल्याशिरल्या जो वास भसकन नाकात घुसतो, त्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो आणि वर खूशही होतो. वास येतोय म्हणजे औषध टाकलंय, औषध टाकलंय म्हणजे पाणी स्वच्छ. हा समज साफ चुकीचा आहे. पण पूल चालवणाऱ्यांच्या सोयीचा आहे, म्हणून इतकी वर्षं टिकलाय.

नीट सांभाळलेल्या पूलला असा उग्र वास येत नाही. तो वास असतो क्लोरामाइन्सचा. घाम, अंगावरची क्रीम आणि हो, पाण्यात केलेली लघवी, यांतल्या युरियासारख्या पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की ही संयुगं तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन सगळ्यात त्रासदायक. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, सुटून हवेत येतं. उघड्या तलावावर वारा ते उडवून नेतो. बंद हॉलमध्ये ते पाण्याच्या लगत साचतं. आणि स्विमर श्वास नेमका तिथूनच घेतो. तोंडाने, खोल, नाकाची गाळणी टाळून, रोज तासन्‌तास.

पुण्यातल्या एका बंद पूलमध्ये मी सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस केली. मोठा सेट संपला की अर्धी लेन काठाला धरून खोकत असायची. कोच म्हणायचे, ‘स्टॅमिना कमी पडतोय.’ हळूहळू आमच्या बॅगांमध्ये गॉगलशेजारी इनहेलर दिसायला लागले. पालकांनी ऑफिसात विचारलं, तर ठरलेलं उत्तर: ‘पाण्याचा रिपोर्ट क्लिअर आहे.’ असेलही. पण आम्ही पाणी पीत नव्हतो, हवा घेत होतो. तिचा रिपोर्ट कुठे होता?

हे काही काल लागलेले शोध नाहीत. इनडोअर पूलवर नोकरी करणारे लाइफगार्ड आणि स्विमिंग शिक्षक यांना तिथल्या क्लोरामाइन्समुळे दमा झाल्याचं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 2002 साली मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत पूलच्या हवेसाठी तात्पुरती मर्यादाही सुचवली: घनमीटरमागे 0.5 मिलीग्रॅम. तुमच्या पूलवर हा आकडा कधी कोणी मोजलाय का, विचारून बघा. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतच राहील.

यावर एक लाडका प्रतिवाद असतो. ‘दम्याची मुलंच पोहायला येतात. डॉक्टरच पाठवतात, म्हणून आकडे फुगतात.’ यात थोडं तथ्य आहे. दमट हवेत व्यायाम सोपा जातो, म्हणून अशी मुलं पोहण्याकडे वळतात. हौशी पोहणाऱ्यांबद्दल संशोधकांत मतभेदही आहेत. पण फिनलंडमध्ये 42 अव्वल स्विमर्सचा पाच वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांनी स्पर्धात्मक पोहणं सोडलं, त्यांच्या श्वासनलिकांची सूज आणि संवेदनशीलता कमी झाली. ज्यांनी चालू ठेवलं, त्यांची कमी झाली नाही. दोष फक्त मुलांच्या छातीत असता, तर पूल सुटल्यावर तो ओसरला असता का?

दुसरा प्रतिवाद प्रेरणादायी भाषणातला. अमेरिकेच्या टॉम डोलनने दमा असूनही 1996 आणि 2000 च्या ऑलिंपिकमध्ये 400 मीटर मेडलेचं सुवर्ण जिंकलं, मग तुम्हाला काय झालं? डोलनला सलाम. पण एका माणसाच्या जिद्दीवर हॉलचा एक्झॉस्ट फॅन चालत नाही.

उपाय रॉकेट सायन्स नाहीत. बंद हॉलला बाहेरची ताजी हवा लागते. तीच हवा थंड करून पुन्हा फिरवणारा एसी वायू बाहेर काढत नाही. एक्झॉस्टही छताजवळ नको, पाण्याच्या पातळीजवळ हवा, कारण विष तिथे आहे. बिल वाढतं, मान्य. पण फी घेताना ‘एसी हॉल’ म्हणून जास्त घेताच ना?

चाचणीचंही तसंच. अनेक ठिकाणी थेंब टाकून पाणी पिवळं झालं की ‘ओके’ म्हणतात. ऑर्थोटोलिडिनची ही चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. त्यातलं कामाचं किती आणि क्लोरामाइन झालेलं किती, हे सांगत नाही. डीपीडी चाचणीत फ्री आणि टोटल वेगळं कळतं. दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेलं क्लोरीन. जर्मनीत त्याची मर्यादा लिटरमागे 0.2 मिलीग्रॅम आहे.

आता आपल्याबद्दल. कॅनडातल्या संशोधकांनी 2017 साली सुमारे 8 लाख 30 हजार लिटरच्या एका पूलमध्ये 75 लिटर लघवी असावी असा अंदाज काढला. मायकेल फेल्प्सने तर 2012 मध्ये सांगूनच टाकलं होतं की सगळेच करतात आणि क्लोरीन ते मारतं. जंतू मारतं, साहेब. लघवीचं मात्र क्लोरामाइन करतं. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घ्या, अंगावरचा बराचसा घाम आणि मळ तिथेच जातो. आणि दोन तासांच्या सेशनमध्ये टॉयलेटला सोडत नाहीत अशा कोचनी शिस्तीवर बोलू नये.

पोहणं सोडा असं मी म्हणत नाही, क्लोरीन बंद करा असंही नाही. क्लोरीन नसेल तर पाण्यातून रोग पसरतील. मागणी एवढीच, की पाण्याच्या रिपोर्टशेजारी हवेचाही बोर्ड लागावा. पुढची फी भरताना काउंटरवर एकच प्रश्न विचारा: ‘टोटल वजा फ्री किती?’ उत्तर आलं नाही, तर पावती फाडू देऊ नका.