अरबी भिवंडीत आहे, पण बोलत नाही

भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. ज्यांनी १९७० आणि १९८४ पाहिले, त्यांना आणखीही काही आठवते. त्या आठवणींच्या सावलीत एक साधी गोष्ट नजरेआड राहते. या शहरात अरबी अक्षरे ओळखणारी मुले गल्लोगल्ली आहेत; पण अरबीत पाव मागू शकेल, रस्ता विचारू शकेल असे मूल शोधावे लागेल.

कारण उघड आहे. कुराण पाहून वाचण्याच्या शिक्षणात, ज्याला नाजरा म्हणतात, सारा भर उच्चारावर असतो. पुढे मदरशात टिकणाऱ्याच्या वाट्याला बहुधा अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात आखलेला दर्स-ए-निजामी येतो. त्यात आधी धातुरूपे, मग वाक्यरचना, मग जुने ग्रंथ. बोलणे मागेच राहते. शालान्त परीक्षेच्या भाषाविषयांत संस्कृत, पाली, अर्धमागधी यांच्या रांगेत अरबीही आहे; तीही उत्तरपत्रिकेपुरतीच.

संस्कृतप्रेमी वाचकाने हे वाचून हसू नये. देव शब्द सातही विभक्तींत घोकून भरघोस गुण मिळवणारा आपला मुलगा तहान लागल्यावर संस्कृतात पाणी मागू शकतो का? दुखणे एकच आहे. फरक इतकाच, की संस्कृतच्या दुखण्यावर आपल्याकडे औषध शोधले गेले. १९८१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या संस्कृत संभाषण चळवळीने व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवले आणि दहा दिवस, रोज दोन तास, फक्त बोलणे असा क्रम बसवला. शिक्षक पेला उचलतो, नाव सांगतो, विचारतो. समोरचा चुकतमाकत उत्तर देतो. चुकण्याची लाज गेली की भाषा येऊ लागते. हाच क्रम अरबीला लावण्यात अडचण कोणती?

उलट सोयच आहे. संस्कृतप्रमाणे अरबीतही द्विवचन आहे: एक किताब, दोन किताबान, अनेक कुतुब. 'तुझे नाव काय' हे पुरुषाला 'मा इस्मुका' आणि स्त्रीला 'मा इस्मुकि' असे विचारावे लागते. 'भवतः' आणि 'भवत्याः' यांतला भेद जाणणाऱ्याला ते जड जाणार नाही. शिवाय मराठी माणसाच्या पदरी शब्दांची पुंजी आधीच आहे. फक्त, बाकी, तारीख, हिशेब, वकील, दुकान, खुर्ची, साबण हे सारे अरबीतूनच, काही फारसीच्या वाटेने, आपल्याकडे आले. पण ही पुंजी जपून खर्चावी लागते. आखातात गेलेला मराठी तरुण 'मी गरीब आहे' असे सांगू पाहतो, तेव्हा ऐकणाऱ्याला 'मी परका आहे' एवढेच कळते. अरबीत 'गरीब' म्हणजे अनोळखी, परदेशी.

आपण अरबी का शिकावी, हा प्रश्न या पानाच्या वाचकाच्या मनात येणारच. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत, आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार करार दोन भाषांत असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. अबू धाबीच्या न्यायव्यवस्थेने २०१९ मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी हिंदीला तिसऱ्या भाषेचे स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण मुकादमाशी, दवाखान्यात, पोलीस चौकीत न्यायालय सोबत येत नाही. सही करताना ज्याला कागद वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या भरवशावर असतो, मग तो भिवंडीचा विणकर असो की रत्नागिरीचा सुतार.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश आपण अभिमानाने सांगतो. दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यापूर्वी कोशकाराला ते शब्द नीट ठाऊक असावे लागले, हे मात्र आपण सांगत नाही. अल्बेरुनीने गझनीच्या महमुदाच्या काळात संस्कृत शिकून भारतावर अरबीत ग्रंथ लिहिला. तितक्या आस्थेने अरबी शिकून अरबांवर लिहिणारे मराठीत किती? भाषा ही कोणत्याही उपासनापंथाची मिरासदारी नव्हे. लेबननचा ख्रिस्ती माणूसही घरी अरबीच बोलतो. (मिरास हा शब्दही तिकडचाच.)

कोणती अरबी, हा प्रश्न खरा अवघड. ग्रंथांची आणि वृत्तपत्रांची अरबी एक, बाजाराची दुसरी. पुस्तकातला विद्यार्थी 'कैफ हालुक' म्हणतो. आखातातला दुकानदार 'शलोनक' म्हणतो, ज्याचा शब्दशः अर्थ 'तुझा रंग कसा आहे'. 'आत्ता' हा शब्द ग्रंथात 'अल्-आन', आखातात 'अल्-हीन', कैरोत 'दिल्वक्ती'. केवळ मौलवींवर विसंबून हे जमणार नाही, आणि केवळ परत आलेल्या कामगारांवरही नाही. एकाकडे व्याकरण आहे, दुसऱ्याकडे कान. भिवंडीत दोघेही सापडतील. त्यांना एका वर्गात उभे करावे, समोर मदरशातली मुले बसावीत आणि शेजारच्या बाकावर संस्कृत संभाषण शिबिरातून आलेली. मे महिन्यात शाळांचे वर्ग रिकामेच असतात. पहिल्या दिवशी फळ्यावर काहीही न लिहिता एकमेकांची नावे विचारावीत.