आधी कोणाचे आले?

मे महिन्यात मावशीकडे उज्जैनला गेले होते. संध्याकाळी टावर चौकात फिरायला जायचं आणि काहीतरी चटकमटक खाऊन घरी यायचं, हा तिच्या घरचा शिरस्ता. एका गाडीवर माझ्यापुढे दहावी-अकरावीतला एक मुलगा होता. त्याचे चाळीस रुपये झाले, माझेही चाळीसच. आधी त्याने कोड स्कॅन केला, मग मी. पैसे आल्याचं सांगणारा डबा मात्र एकदाच बोलला, "चालीस रुपये." मी फोनवरची हिरवी खूण दाखवून म्हटलं, "मेरा है." त्याच्या फोनवर चकरी अजून फिरतच होती. गाडीवाल्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पोराचा चेहराच उतरला. खिशातल्या नोटा देऊन तो निघून गेला. पाचेक मिनिटांनी डबा पुन्हा बोलला, "चालीस रुपये." मधे दुसरं कोणी गिऱ्हाईक आलंच नव्हतं.

चाळीस रुपयांचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण त्या मुलाचे चाळीस रुपये गेलेच, वर चारचौघांत तो खोटा ठरला. आणि त्यात माझा हात होता.

माझा मावसभाऊ इंदूरला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. तो म्हणाला, यात कोणाची लबाडी नाही, क्रमाचा घोळ आहे. असे प्रोग्रॅम इव्हेंटवर चालतात. काही घडलं की निरोप सुटतो, तो मिळाला की दुसरा प्रोग्रॅम आपलं काम करतो. पैसे कापले हा एक निरोप, जमा झाले हा दुसरा, डब्याने बोलावं हा तिसरा. प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून आधी निघालेला आधीच पोचेल याची हमी नाही.

मग हे तपासताना कळत नाही का? बरेचदा नाही. कारण टेस्ट लिहिणारा आपल्या एकाच मशीनवर निरोप शहाण्या मुलांसारखे ओळीने पाठवतो. मधे "दोन सेकंद थांब" असंही लिहून ठेवतो. टेस्ट आज पास होते, मशीनवर ताण आला की उद्या नापास. मग "पुन्हा चालवून बघ" म्हणायचं आणि पुढे जायचं. माझं मत स्पष्ट आहे: जी टेस्ट निरोपांचा क्रम मुद्दाम विसकटत नाही, ती क्रम तपासतच नाही.

पण सगळे क्रम तपासायचे म्हटलं तर? तीन निरोप 6 प्रकारे लागतात, पाच 120 प्रकारे आणि दहा 36,28,800 प्रकारे. म्हणून आधी ठरवावं लागतं की कोणता क्रम मोडला तर चालेल आणि कोणता मुळीच नाही. इथे मला, साहित्याच्या विद्यार्थिनीला, ओळखीचं काहीतरी दिसलं. येशू मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो तो प्रसंग योहान आपल्या शुभवर्तमानात सुरुवातीलाच, दुसऱ्या अध्यायात सांगतो. मत्तय, मार्क आणि लूक तो शेवटच्या दिवसांत ठेवतात. चर्चने चारही कथनं तशीच जपली. पण क्रूस आधी आणि रिकामी कबर नंतर, हा क्रम चौघांतही एकच. काही क्रम सांगणाऱ्याचा असतो, काही घटनेचाच असतो. चांगल्या टेस्टने पहिला सैल सोडावा आणि दुसरा घट्ट धरावा.

प्रत्येक निरोपावर वेळ छापली की झालं, असंही वाटेल. टावरचं घड्याळ चौकातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. संगणकांना असा टावर नाही, प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढेमागे. ज्या उज्जैनवरून भारतीय ज्योतिषी मध्यरेखा मोजत, तिथेच मला हे कळावं याची गंमत वाटली. 1978 साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात घड्याळापेक्षा वेगळा प्रश्न विचारला: कोणती घटना दुसरीला कारण होऊ शकते? कारण आधी, परिणाम नंतर, एवढं पक्कं धरा. ज्यांचा एकमेकांशी संबंधच नाही, त्यांच्यात आधी-नंतर लावू नका.

सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं तर क्रम राहील, पण मग एका खिडकीवर अख्खा देश ताटकळेल. म्हणून काफ्कासारख्या व्यवस्थेत (लेखकाचंच नाव बरं का!) क्रमाची हमी एकेका पार्टिशनपुरतीच असते. एका खात्याचे निरोप एकाच पार्टिशनमध्ये जातील हे बघणं माणसाचं काम.

माझी मागणी छोटी आहे. अशा डब्याची टेस्ट लिहिणाऱ्याने एक प्रसंग जरूर घालावा: दोन गिऱ्हाइकं, रक्कम एकच, निरोप उलटसुलट. आणि डब्याने रकमेबरोबर नावही सांगावं.

राहिली मी. डब्याने नाव घेतलं नव्हतं, तरी "मेरा है" मी म्हटलं. माझे पैसे गेले एवढंच माझ्या फोनला माहीत होतं. डबा कोणाच्या पैशांबद्दल बोलला, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. पाच मिनिटं थांबले असते तर कळलं असतं, दोघांचेही आले होते.