खोली रिकामी होती

नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर आत सोडण्यापूर्वी ओळखपत्र मागतात. वाघ पाहायचा असेल तर आधी आपण कोण ते सांगावे, हा नियम आम्हाला मान्य आहे. तो सर्वांना सारखा आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेची मुले घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. गेटबाहेर बसचा ड्रायव्हर मोबाईलवर घरच्यांशी बोलत होता, आणि बोलत होता बंगालीत. नववीतला एक मुलगा आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, ये ड्रायव्हर बांगलादेशी है क्या?"

हा प्रश्न एका मुसलमान मुलाने विचारला, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ड्रायव्हर आमच्याच जिल्ह्याचा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. तेथे अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली गावे आहेत. 1947 ला देश फुटला आणि पूर्व बंगालमधील हिंदूंना, विशेषतः नमोशूद्र शेतकऱ्यांना, घरदार सोडून यावे लागले. सरकारने त्यांना रायपूरजवळच्या मानाच्या छावणीत ठेवले, दंडकारण्यात पाठवले, चंद्रपूर-गडचिरोलीत आणि आमच्या भागात वसवले. जमीन दिली, घराला जागा दिली. फार चांगले केले. त्याच तालुक्यात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत आहे. त्यांनाही या मातीने सामावून घेतले. कोणी कुठून आला हे विचारून उपाशी ठेवण्याची रीत या झाडीपट्टीत नव्हती.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शब्दशः पाहिले तर असे निघते की, ड्रायव्हरचे आजोबा खरोखरच आज ज्याला बांगलादेश म्हणतात तेथून आलेले. पण तो बांगलादेशी नाही. तो गोंदियाकर आहे आणि तसाच असला पाहिजे. आता दुसरे उदाहरण पाहा.

आमच्या मोहल्ल्यात टाइल्स बसवणारा एक मिस्त्री खोली शोधत होता. गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. त्याचे वाडवडील 1947 ला कुठे गेले नाहीत, 1971 लाही गेले नाहीत, भारतातच राहिले. आमच्या मशिदीत आमच्याच सफेत उभा राहून त्याने नमाज पढली आणि नंतर म्हणाला, "मास्टरसाब, कोई कमरा हो तो बताइये." शेजारच्या हाजीसाहेबांची खोली रिकामी होती. आम्ही त्याला घेऊन गेलो. हाजीसाहेबांनी त्याची बोली ऐकली, आधार कार्ड उलटून पालटून पाहिले आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टर, हा बांगलादेशी निघाला तर आपलंच नाव खराब होईल. आधीच दिवस वाईट आहेत."

आणि आम्ही गप्प बसलो. बी.एड.ला आम्हाला मूल्यशिक्षण हा विषय होता. त्यात गुणही चांगले पडले होते.

हाजीसाहेबांना सरसकट दोष देणे सोपे आहे. त्यांची भीती खोटी नाही. 2025 च्या जून महिन्यात महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मुसलमानांना बांगलादेशी समजून पकडले, सीमेपलीकडे ढकलले, आणि ते भारतीयच असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. कागद त्यांच्याजवळ होते, पण त्यांच्या जिभेवरची बंगाली कागदापेक्षा भारी ठरली. आसामात 31 ऑगस्ट 2019 च्या नागरिक यादीतून सुमारे 19 लाख माणसे बाहेर राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्वाचा दुरुस्ती कायदा आला आणि त्यात शेजारच्या तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना दार उघडले. सातव्याचे नाव तेवढे घेतले नाही. ड्रायव्हरच्या आजोबांसारख्यांना आसरा मिळू नये असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमची तक्रार यादीत कोण आहे याबद्दल नाही, कोण नाही याबद्दल आहे.

पण सरकारशी भांडताना आपल्या मोहल्ल्याचे दार कोणी बंद केले, हे विचारायला नको का?

बी.एड. करून पहिली नोकरी लागली तेव्हा तालुक्याच्या गावी आम्ही खोली शोधत फिरलो. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. नाव सांगितले की ती भाच्यासाठी ठेवलेली असायची. "तसं काही नाही हो, पण तुमचं खाणंपिणं..." आम्ही मांस महिन्यातून दोनदा खातो आणि तेही पगार झाल्यावर, हे सांगण्याची संधी कोणी दिली नाही. शेवटी मोहल्ल्यात आलो. सगळेच तसे आले. गावात इतरत्र खोल्या असूनही आम्हाला त्या मिळत नाहीत, म्हणून आम्ही एकाच गल्लीत दाटी करतो. दाटी झाली की भाडे चढते. भाडे चढले की आम्हीच म्हणतो, बाहेरचे लोक फार झाले! घराची टंचाई अशी हाताने तयार होते आणि तिचे खापर सर्वांत शेवटी आलेल्याच्या डोक्यावर फुटते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनने 2016 ला कौल घेतला आणि 31 जानेवारी 2020 ला युरोपीय संघ सोडला. परके लोक कमी होतील, घरे आणि दवाखाने आपल्याला मोकळे होतील, असे तेथील मतदारांना ऐकवले गेले होते. संघ सुटला, पण जून 2023 पर्यंतच्या एका वर्षात तेथे येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा नऊ लाखांनी जास्त होती. जी घरे बांधलीच नव्हती ती मोकळी कुठून होणार? मग 2024 च्या उन्हाळ्यात साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी आश्रयाला आलेला मुसलमान आहे अशी अफवा उठली, मशिदीवर दगड पडले आणि निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. आरोपी जन्माने कार्डिफचा होता. कोकणातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या मुसलमान बांधवांनी ते दिवस दाराला कडी लावून काढले असतील तर नवल नाही.

नागझिऱ्यात 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्या. तिकडे वाघांना जागा कमी पडत होती, इकडे होती. वन खात्याला एवढा हिशेब कळतो.

आता थोडे आमच्या उर्दूविषयी. हे सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. मार्च 1948 मध्ये जीनांनी ढाक्यात जाऊन सांगितले की पाकिस्तानची राजभाषा उर्दूच राहील. निम्म्याहून जास्त पाकिस्तान तेव्हा बंगाली बोलत होता. उर्दू काढा असे ते म्हणत नव्हते. आमचीही भाषा ठेवा एवढेच म्हणत होते. 21 फेब्रुवारी 1952 ला त्यांच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. 1971 ला बांगलादेश वेगळा झाला आणि त्याची किंमत मोजली तेथील उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांनी. त्यांतले काही पाकिस्तानी फौजेच्या बाजूने उभे राहिले होते, पण सूड सगळ्यांवर उगवला. पाकिस्तानने थोड्यांना नेले, बाकीच्यांना नेले नाही. ढाक्याच्या मोहम्मदपुरातील जिनिव्हा कॅम्पात आजही एकेका खोलीत अख्खी कुटुंबे राहतात. त्या मुलांना नागरिक मानावे असा निकाल द्यायला तेथील हायकोर्टाला 2008 साल उजाडले. उर्दू बोलतो म्हणून तिकडे "पाकिस्तानी", बंगाली बोलतो म्हणून इकडे "बांगलादेशी"! दोन्ही ठिकाणी रांगेत उभा आहे तो गरीब मुसलमानच.

सोलापूरला 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की आम्ही मराठी आहोत, इथलेच आहोत. ते सांगणे गरजेचे होते आणि आहे. पण अलीकडे त्याच वाक्याला आपण एक शेपूट जोडू लागलो आहोत: "आम्ही इथलेच, ते मात्र तिकडचे." आपल्या निष्ठेचा पुरावा म्हणून आपण मिस्त्रीकडे बोट दाखवतो. ज्यांना आपल्यावर शंका घ्यायची आहे त्यांचे समाधान यामुळे झाले आहे काय? उलट, बोली ऐकून माणसाचा देश ठरवता येतो हे आपणच कबूल करून बसलो. उद्या आमची उर्दू ऐकून कोणी तेच म्हटले तर कोणत्या तोंडाने भांडणार?

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची असते. ती द्यावी; हाजीसाहेबांनी आमचीही द्यावी आणि मिस्त्रीचीही द्यावी. त्यापुढची चौकशी घरमालकाने करू नये, मशिदीच्या कमिटीने तर मुळीच करू नये.

आमच्या शाळेत 21 फेब्रुवारीचा परिपाठ घेण्याची परवानगी आम्ही मागितली आहे. 1999 मध्ये युनेस्कोने तो मातृभाषा दिन ठरवला. एक सहकारी म्हणाले, "उर्दू शाळेत हा दिवस? आपल्याच भाषेची बदनामी मुलांसमोर कशाला?" आम्ही त्यांना नागझिऱ्याच्या गेटवरचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, मुलगा लहान आहे. लहान आहे हे खरे. पण तो हाजीसाहेबांचा नातू आहे आणि त्या दिवशी ओट्यावर बसून त्याने आमचे सगळे बोलणे ऐकले होते. आम्ही गप्प बसलो तेही.

मिस्त्री दोन आठवडे बांधकामावरच झोपला आणि मग नागपूरकडे निघून गेला. हाजीसाहेबांची खोली पुढे कितीतरी दिवस रिकामी होती. आता तेथे सिमेंटच्या गोण्या ठेवल्या आहेत.