पेल्यातील पंक्तिभेद

मद्याचे नाव निघताच ज्या घरांत आजही आवाज आपोआप खाली येतो, अशा घरांपैकीच आमचे एक आहे. तेव्हा जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याने गेल्या वर्षी, "काका, आज आपण रीसलिंग चाखायला जाऊ," असे म्हणून आम्हास एका मद्याच्या दुकानात नेले, ही गोष्ट आम्ही फुशारकीने सांगत नाही. त्या दुकानात आम्हास जी शरम वाटली ती मद्य प्याल्याची नव्हती, निराळीच होती. आणि ती आमची एकट्याची नसून सगळ्या सुशिक्षित मराठी समाजाची आहे, अशी आमची खात्री झाल्यामुळेच ही लेखणी उचलली आहे. वाचकांनी कपाळास आठ्या घालावयाच्या त्या शेवटी घालाव्यात.

आमच्या वाशिमात 'वाइन शॉप' अशी पाटी असलेली दुकाने आहेत. तेथे व्हिस्की, रम, बिअर सारे काही खपते. क्वचितच खपत असेल तर ती वाइन. गजांच्या झरोक्यातून नोट आत जाते, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली बाहेर येते, आणि घेणारा मान खाली घालून निघून जातो. फ्रांकफुर्टजवळच्या त्या दुकानात नवराबायको जोडीने आलेली, म्हातारी माणसे खुर्चीवर बसलेली, आणि दुकानदार एखाद्या शाळामास्तराप्रमाणे उभा! सहा बाटल्या, प्रत्येकीतून दोन घोट, आणि गिळावयाचे नसल्यास थुंकण्यासाठी भांडे. तो वृद्ध गृहस्थ बोलत होता मोझेल नदीकाठच्या उभ्या कड्यांविषयी. ज्या दगडाच्या पाटीवर आम्ही लहानपणी बाराखडी गिरविली, त्याच जातीच्या काळ्या दगडावर हे द्राक्ष वाढते. दिवसा तो दगड ऊन पितो व रात्री ती ऊब वेलीला परत देतो. द्राक्षे खुडतेवेळी रसात साखर किती, यावरून काबिनेट, श्पेटलेसे, औसलेसे अशा पायऱ्या 1971 च्या कायद्याने ठरवून दिल्या आहेत. मोझेलच्या पहिल्या पायरीच्या मद्यात मद्यार्क बहुधा शेकडा आठनऊच असतो. रीसलिंग वेलींच्या खरेदीची पहिली नोंद 1435 साली जवळच्याच रुसेल्सहाइम येथील एका सरदाराच्या हिशेबात सापडते. सहाशे वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाने खर्ची टाकलेली ती ओळ हा दुकानदार अभिमानाने सांगत होता.

मग त्याने सहज विचारले, "तुमच्या भाषेत या चवीला काय म्हणाल?"

आम्ही उत्तरलो, "आंबटगोड."

एवढेच! ज्या गावचे आम्ही, ते पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त याच नगरीत लावला आहे. ज्या परंपरेने काव्याची सारी मीमांसा जिभेवरून उचलली, रस, रुची, आस्वाद, चर्वणा हे शब्द स्वयंपाकघरातून थेट शास्त्रात नेले, तिच्या वारसाला एका घोटाचे वर्णन करता येऊ नये? परतीच्या वाटेवर शब्द सुचू लागले: आवळा खाऊन वर पाणी प्याल्यावर जिभेवर जी गोडी उमटते ती, पाडाला लागलेल्या कैरीची फोड, पहिल्या पावसात भिजलेल्या दगडाचा वास. शब्द होते, ते अशा गोष्टीसाठी वापरण्याची आम्हास सवय नव्हती, इतकेच. किंबहुना आमच्या पुण्यामुंबईच्या मंडळींनी तो प्रश्न परस्पर सोडविला आहे. ती हिरव्या सफरचंदाचे व लिचीचे दाखले इंग्रजीतून पाठ करतात आणि आपणास रसिक म्हणवितात.

परंतु शब्दांचे हे दारिद्र्य हा केवळ वरवरचा रोग होय. मूळ रोग आहे पंक्तिभेदाचा.

फाल्गुन-चैत्रात विदर्भाच्या रानांत पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात वाळवितात. दुष्काळात त्या फुलांवर माणसे जगलेली आहेत. त्या फुलांचे आसव हे या भूमीचे जुने पेय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची जी गणना आहे, तीत फळांच्या आसवांत द्राक्ष आहे आणि फुलांच्या आसवांत मोह आहे. चरकाने दोघांना एकाच पंक्तीत पाने मांडली. पंक्तिभेद केला तो आपण. द्राक्षाचे मद्य ते 'संस्कृती', मोहाचे ते 'हातभट्टी'. एक चाखणारा रसिक, दुसरे पिणारा दारुडा. मोझेलच्या दगडाची कथा आम्ही हात जोडून ऐकतो. आमच्या रानातल्या झाडाची कथा सांगणाऱ्या आदिवासी बाईला आम्ही आरोपीच्या रांगेत उभी करतो.

राज्यकर्त्यांनीही हाच कित्ता गिरविला. 2001 साली महाराष्ट्राने द्राक्षमद्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. नाशिकच्या बागायतदाराला त्याचा लाभ झाला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा काही पुढाऱ्यांनी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा अभिप्राय दिला. त्याच वर्षी काजू, मोह इत्यादींपासून केलेल्या मद्यास 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचेही ठरले. वाचकहो, या विनोदावर हसावे की रडावे? ज्या झाडाची मुळे या मातीत, त्याच्या फुलाला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने आधी परदेशी व्हावे! गोव्याने आपल्या काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळविले ते तिच्या स्वतःच्या नावाने. तेवढे धैर्य आम्हास झाले नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की रीसलिंग हे केवळ आंबविलेले सौम्य पेय, तर मोहाची दारू भट्टीवर गाळलेली व कडक. हे खरे आहे. परंतु फ्रान्सची कोन्याक आणि स्कॉटलंडची व्हिस्की हीही गाळलेलीच, आणि त्यांच्या बाटल्या आमच्या सभ्य दिवाणखान्यांत काचेच्या कपाटात बसतात. तेव्हा आक्षेप कडकपणावर नसून गाळणाऱ्याच्या हातावर आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. दारूने संसार धुळीस मिळतात. वर्ध्यात 1975 पासून व गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आणि गडचिरोलीची बंदी तर लोकांनी, विशेषतः बायकांनी, झगडून मिळविली. त्या बायकांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. त्यांनी मागितली ती दारूबंदी. 'गरिबाची दारू बंद, श्रीमंताची संस्कृती सुरू' असे त्यांनी मागितले नव्हते. ज्याला साऱ्याच मद्याचा निषेध करावयाचा असेल त्याने खुशाल करावा. त्याचा आम्ही आदर करू. मात्र निषेध करणाऱ्याने तो नाशिकच्या बागेतही तितक्याच मोठ्याने करावा. आणि ज्याला मद्यास मान्यता द्यावयाची असेल, त्याने एकच माप वापरावे: मद्यार्क किती, शुद्धता किती, आणि पिणाऱ्याच्या घरी काय शिल्लक राहते. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती काही परंपरेने मारली नाहीत. मेथॅनॉल मिसळणाऱ्या लोभाने मारली. जे तपासले जात नाही, ज्याची नोंद होत नाही, त्यातच विष कालविणे सोपे जाते.

आम्ही मद्याचे भाट झालेलो नाही. परत आल्यावर आम्ही एक थेंबही घेतला नाही व घेण्याची इच्छाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या जर्मन दुकानदाराचे मोठेपण त्याच्या बाटलीत नव्हते. आपल्या नदीची, आपल्या दगडाची आणि आपल्या कष्टकऱ्याच्या हाताची त्याला लाज वाटत नव्हती, यात ते होते. त्याच्याकडून उचलावयाचे असेल तर हे उचलावे. आम्ही उचलला आहे त्याचा पेला धरण्याचा डौल, आणि त्याची वही तेथेच विसरून आलो आहोत.

येत्या चैत्रात एखाद्या पहाटे कोणी वाचक मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, फुले वेचणाऱ्या बाईशी चार शब्द बोलला, आणि त्या वासाला मराठीत काय म्हणावे हे त्याने कागदावर उतरविले, तरी आमच्या शरमेचे थोडे परिमार्जन होईल. असो. आता आठ्या घालावयाच्या त्यांनी घालाव्यात. फक्त त्या कोणत्या पेल्याकडे पाहून पडतात, एवढे आरशात पाहून घ्यावे.