नाहरगडाची वाट आधी पायांची

हिवाळा लागला की जयपूर भल्या पहाटे घराबाहेर पडते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास होरपळणाऱ्या या शहराला मोकळ्या हवेत फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारच महिने मिळतात, आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत निघालेली मराठी कुटुंबेही त्यात असतात. शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या अरवलीच्या डोंगरांवर मग दोन प्रकारची माणसे एकाच वेळी पोचतात. काही पायी किंवा सायकलवर, बाकीची मोटारीने, मोटारसायकलने, जिप्सीने. जमीन सरकारी, म्हणजे सर्वांची. ती सर्वांनी कशी वाटून घ्यायची, याचे उत्तर मात्र आजवर गर्दीनेच देऊन टाकले आहे. जो जास्त वेगाने आणि जास्त आवाज करत येतो, जागा त्याची होते.

याच भांडणाने बर्फाच्या देशांत अर्धे शतक गाजवले आहे. तिथे एकीकडे बर्फावर स्की लावून चालणारे आणि दुसरीकडे स्नोमोबाइल, म्हणजे आपल्याकडचे पर्यटक मनालीला किंवा गुलमर्गला ज्यांच्यावर बसून फोटो काढतात त्या बर्फावरच्या स्कूटर पळवणारे. एडगर जॅक्सन आणि रॉबर्ट वाँग या संशोधकांनी १९८२ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतात या दोन्ही गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलेली गोष्ट साधी पण मोलाची होती. स्कीवाल्यांना स्नोमोबाइलचा त्रास होत होता. स्नोमोबाइलवाल्यांना स्कीवाल्यांचा फारसा होत नव्हता. आवाज, धूर आणि वेग एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, उलटे काही येत नाही. म्हणूनच ‘सर्वांना सारखी मुभा’ हे तत्त्व कानाला कितीही न्याय्य वाटले, तरी अशा जमिनीवर ते लागू केले की काही काळाने एकच गट उरतो. चालणारा भांडत बसत नाही, तो यायचे बंद करतो. आणि मग ‘इथे पायी येते कोण?’ असा प्रश्न विचारून रस्ता आणखी रुंद केला जातो.

जयपूरच्या हिवाळ्यात ही विषमता आणखी वाढते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. धूर वर जाऊ शकत नाही, हे दिल्लीकरांप्रमाणे जयपूरकरांनाही पाठ झाले आहे. आवाजाचेही तसेच होते, हे कमी लोकांच्या ध्यानात येते. तो वर विरून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि दूरवर पोचतो. दुपारी जो हॉर्न एका वळणापलीकडे ऐकू येत नाही, तो पहाटे सबंध दरीत घुमतो. शांतता सर्वाधिक असते आणि माणसे ती अनुभवायला सर्वाधिक येतात, त्याच वेळी एक इंजिन सर्वाधिक लोकांची सकाळ बिघडवू शकते. पक्ष्यांची आणि जनावरांचीही.

सवाई जयसिंगांनी १७३४ मध्ये बांधलेला नाहरगड हे या प्रश्नाचे सर्वांत ठळक ठिकाण. मराठी वाचकाला या किल्ल्याची ओळख वेगळ्या कारणाने असेल, कारण अठराव्या शतकातल्या जयपूर-मराठे संबंधांच्या कहाणीत त्याचे नाव येते. गडावर जायला दोन वाटा आहेत. एक जुन्या शहरातून थेट वर चढणारी, दगडी फरसबंदीची, नागमोडी पायवाट. दुसरी आमेर रस्त्यावर कनक घाटीजवळ वर वळणारी, डोंगरातून काही किलोमीटर वळणे घेत जाणारी डांबरी सडक. ही सडक ज्या वनातून जाते ते १९८० पासून अभयारण्य आहे. सुमारे ५० चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत, मोर आहेत, धोक आणि खैर ही झाडे आहेत. पहाटे याच सडकेवर सायकलस्वार चढ चढतात, निवृत्त माणसे फिरतात. त्याच सडकेवर, त्याच वळणांवर सूर्योदय गाठायला निघालेल्या गाड्याही धावतात आणि सायलेन्सरमध्ये फेरफार केलेल्या मोटारसायकलीही. अभयारण्यातील किल्ल्यावरचे व्यावसायिक उपक्रम थांबवावेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये दिला होता, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. उपाहारगृह आणि तिकीटघर यांवर इतका खल झाला. गडापर्यंत जाणाऱ्या रस्त्याबद्दल मात्र तेवढ्या आस्थेने कुणी बोलत नाही. वास्तविक गडावरच्या उपाहारगृहापेक्षा अभयारण्याच्या अंगात खोलवर शिरतो तो रस्ताच.

इंजिन सगळीकडेच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला झालाना आहे. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये बिबट्यासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला, त्यातले हे पहिले राखीव क्षेत्र. जेमतेम २० चौरस किलोमीटरचे, तीन बाजूंनी शहराने वेढलेले. विलायती बाभूळ काढून तिथे देशी झाडे लावली गेली, आणि एकेकाळी उजाड होत चाललेला हा डोंगर आज बिबट्यांसाठी जगभर ओळखला जातो. तिथे पायी फिरायला परवानगी नाही आणि नसावीच. ठरलेले मार्ग, ठरलेल्या फेऱ्या, नोंदणी केलेल्या जिप्सी आणि सोबत मार्गदर्शक, अशी तिथली रीत आहे. ज्या आजोबांना दोन पायऱ्या चढवत नाहीत, त्यांनाही तिथे जिप्सीत बसून बिबट्या पाहता येतो. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. बिबट्या दिसला की गाड्यांची जी रांग लागते, तिला आवर घालायला हवा. पण मुळात इंजिनाला त्याची जागा, मर्यादा आणि जबाबदारी ठरवून देण्याचे काम झालानात झालेले आहे. २०२२ मध्ये आमागड या डोंगरावरची सफारीही सुरू झाली. मग एक साधा हिशेब मांडायला हवा. जयपूरच्या डोंगरांपैकी किमान दोन जिप्सीला दिले. पावलांना कोणता दिला?

कुलिश स्मृतिवन आहे, सेंट्रल पार्क आहे, असे उत्तर येईल. बागेतली फेरी आणि डोंगराची वाट यांत फरक आहे, आणि तो फरक जाणणारी माणसेच पहाटे नाहरगडाकडे निघतात.

उपाय शोधायला राजस्थानाबाहेर जायची गरज नाही. जयपूरहून साधारण १८५ किलोमीटरवर भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी इथे चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. तीच पाणथळ १९८१ मध्ये रामसर यादीत आली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली. इथे हिवाळ्यात गर्दी कमी नसते. तरीही माणसे गाडी बाहेर ठेवून पायी, भाड्याच्या सायकलवर किंवा सायकलरिक्षाने आत जातात. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख शिकवली गेली. त्यामुळे प्रवासी वाहणारी माणसेच मार्गदर्शक झाली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या नजरेला बगळ्यांच्या थव्यातला वेगळा पक्षी जितक्या लवकर दिसतो तितक्या लवकर तो दुर्बीणवाल्यांनाही दिसत नाही. गाड्या बंद केल्या तर पर्यटन बुडेल आणि लोकांचा रोजगार जाईल, या भीतीला याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

केवलादेवने दुसराही धडा दिला आहे, आणि तो कडू आहे. १९८२ मध्ये तिथे चराईवर अचानक बंदी घातली गेली. आसपासच्या गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका आदेशाने संपली, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. ज्यांचे पाय रोज त्या जमिनीवर पडतात त्यांच्याशी न बोलता काढलेला आदेश किती महाग पडतो, हे राजस्थानच्या वनखात्याला कुणी सांगायला नको. नाहरगडासाठी नियम करताना टॅक्सीवाले, गडावरचे विक्रेते, पायथ्याच्या वस्त्या आणि डोंगरातल्या देवस्थानांचे भाविक हे सगळे चर्चेत असले पाहिजेत, आणि तेही आदेश निघण्यापूर्वी.

नियम कसा असावा, याबाबत मात्र अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांचे इतरांशी होणारे संघर्ष कमीत कमी राहतील अशा रीतीने जागा नेमून द्याव्यात, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढला. पण बर्फावरची वाहने दीर्घकाळ सवलतीत राहिली. चालणाऱ्यांच्या संघटनेला न्यायालयात जावे लागले, आणि तिथल्या वनसेवेने २०१५ मध्ये नियम बदलला. त्याआधी जी जमीन बंद केलेली नसेल ती वाहनांना खुली धरली जाई. आता नकाशावर जी खुली म्हणून दाखवलेली नाही, ती बंद. या एका फेरफाराने सिद्ध करण्याचा भार चालणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून इंजिनाच्या खांद्यावर गेला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर एके काळी प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना स्नोमोबाइलच्या धुरामुळे तोंडावर मास्क लावावे लागत होते. २०१३ च्या नियमाने तिथे दिवसाला ११० फेऱ्यांची कमाल मर्यादा घातली, आणि स्वच्छ, कमी आवाजाच्या यंत्रांची अट घातली. स्नोमोबाइल तिथे आजही आहेत. त्यांची संख्या मात्र उद्यानाला काय सोसवते यावरून ठरते.

बंदीच्या घाईचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मे २०२२ मध्ये पुण्याजवळच्या सिंहगडावर खासगी गाड्या थांबवून पीएमपी या शहर बससेवेच्या ई-बस सुरू झाल्या. कल्पना उत्तम होती. पण घाटात बस अपुऱ्या पडल्या, सुट्टीच्या गर्दीला ताटकळावे लागले, आणि महिना पुरा होण्याआधी गाड्यांना पुन्हा वाट मोकळी करावी लागली. हरली ती तयारी. पायथ्याच्या आतकरवाडीहून पायी चढणाऱ्या हजारोंना त्या थोड्या दिवसांत वर जी शांतता मिळाली, ती पुन्हा मिळाली नाही.

तेव्हा राजस्थान सरकारकडे आमची मागणी मोजकी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारी सकाळी नऊपर्यंत कनक घाटीपासून वरची सडक खासगी वाहनांना बंद ठेवावी. वृद्ध, अपंग आणि लहान मुलांसह आलेल्यांसाठी पुरेशा बस आधी उभ्या कराव्यात, मगच फाटक लावावे. गडावर राहणाऱ्यांना आणि कामावर जाणाऱ्यांना ओळखपत्रावर मुभा असावी. फेरफार केलेल्या सायलेन्सरवरची कारवाई पायथ्याशीच व्हावी. जुन्या शहरातून वर जाणाऱ्या पायवाटेच्या फरशा दुरुस्त कराव्यात, तिच्यावर पाणी आणि दिवे असावेत, ती नकाशावर पायी जाणाऱ्यांची म्हणून कायम नोंदवावी. आणि झालाना, आमागड, नाहरगड यांचा एकत्र नकाशा वनखात्याने जाहीर करावा, ज्यात कुठे इंजिन चालेल ते स्पष्ट लिहिलेले असेल आणि उरलेले सगळे इंजिनाला बंद मानले जाईल. वनखात्याचे मुख्यालय असलेले अरण्य भवन झालानाच्या कुशीतच आहे. हा नकाशा काढायला तिथल्या अधिकाऱ्यांना लांब जावे लागणार नाही, आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तो तयार होऊ शकतो.