मागचे भाव आणि उद्याचा बाजार

शेअरबाजाराचे उद्याचे भाव संगणकाकडून वदवून घेण्याचा छंद आता महाविद्यालयांपर्यंत पोहोचला आहे. यंत्राला मागील दहा वर्षांचे भाव पढवायचे आणि उत्तर जुन्या भावांशी जुळेपर्यंत त्याची मापे कमीजास्त करीत राहायचे, ही त्याची रीत. फसगत नेमकी येथेच होते. ज्या कसोटीतून निरर्थक सूत्रही शेकडा पाच वेळा पार पडते, तिला अशी शंभर सूत्रे लावली, तर पाचेक योगायोगानेच उत्तीर्ण व्हायची. जाहिरातीत झळकतात ती हीच. शिवाय २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला तो महामारीच्या धास्तीने. जुन्या भावांत ती कोठून सापडावी?

‘सेबी’च्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे-विकल्प व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले, तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. नफा मिळविणाऱ्या बड्या संस्थांची भिस्त संगणकी व्यवहारांवरच होती, हे खरे. परंतु त्यांची गती आणि भांडवल कारकुनाने कोठून आणावे? निदान सूत्र विकत घेण्यापूर्वी त्याने, यंत्राने न पाहिलेल्या काळातला, दलाली व कर वजा जाता उरलेला हिशेब विक्रेत्याकडे मागावा.