स्वस्त बॅटरीचा करार आपल्याला महाग पडू नये

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ऊन आणि वारा दोन्ही भरपूर. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पण संध्याकाळी सात वाजता घराघरात दिवे, पंखे सुरू होतात, तेव्हा सौर प्रकल्प झोपलेला असतो. ती वेळ आजही मुख्यतः भुसावळजवळच्या दीपनगरसारखी कोळशाची केंद्रेच निभावतात. दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवायची तर कंटेनरएवढ्या बॅटऱ्या लागतात. महावितरणनेही त्यासाठी निविदा काढल्या आहेत.

हा विषय इंजिनीअर लोकांचा आहे, आपला नाही, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. धुळ्याचा यंत्रमाग, जळगावच्या एमआयडीसीतली चटई आणि डाळ मिल, आपल्या मोहल्ल्यातले वेल्डिंगचे दुकान, सगळ्यांच्या बिलात हा करार उतरणार आहे. तोही दहा-पंधरा वर्षांसाठी.

वीज कंपनी सहसा बॅटरी विकत घेत नाही, भाड्याने घेते. जो सर्वांत कमी मासिक भाडे सांगेल त्याला काम मिळते. २०२२ मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या निविदेत हे भाडे एका मेगावॉटला महिन्याला १०.८४ लाख रुपये निघाले होते. २०२४ च्या अखेरीस राजस्थानात ते २.२१ लाखांवर आले. दोन तास चालणारी बॅटरी रोज एकदा वापरली, तर या भाड्याने एका युनिटची साठवणूक साधारण ३ रुपये ७० पैशांना पडते. रोज दोनदा वापरली तर खर्च निम्मा. पण बॅटरी तयार ठेवली की भाडे द्यावेच लागते, वापरा अगर न वापरा.

भाडे उतरले त्याची दोन मोठी कारणे आहेत. पहिले, चीनचा स्वस्त माल. दुसरे, सरकारी मदत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. अट अशी की किमान ८५ टक्के क्षमता वीज वितरण कंपन्यांना मिळावी. २०२५ मध्ये दुसरी योजना आली. तिच्यात मदत ठरावीक झाली, मेगावॉट-तासाला १८ लाख रुपये.

ही दोन्ही कारणे आपल्या हातात नाहीत. चीनने डिसेंबर २०२४ पासून बॅटरी निर्यातीवरची करसवलत १३ वरून ९ टक्क्यांवर आणली. अमेरिकेने चिनी साठवणूक बॅटऱ्यांवरचे एक आयातशुल्क ७.५ वरून २५ टक्क्यांवर न्यायचे ठरवले, १ जानेवारी २०२६ पासून. तिथे दार अडले की तो माल आपल्याकडे वळतो आणि काही काळ स्वस्त मिळतो. पण दुसऱ्याच्या भांडणातून मिळालेली स्वस्ताई कायमची नसते. देशात सेल बनवण्यासाठी मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, लक्ष्य ५० गिगावॉट-तासांचे होते. ते मुदतीत गाठता आले नाही.

मग उद्या भाव चढले तर भुर्दंड कोणावर? उत्तर करारातल्या ‘कायद्यातील बदल’ या कलमात असते. निविदेनंतर भारत सरकारने आयातशुल्क किंवा कर वाढवला, तर तो वाढीव खर्च सहसा वीज कंपनीकडून वसूल होतो आणि शेवटी ग्राहकाच्या बिलात येतो. चीनने सवलत काढली तर तो धोका ठेकेदाराचा. पण अगदी कमी बोली लावलेला ठेकेदार अशा वेळी काम रखडवू शकतो. त्याची बँक हमी जप्त होईल, संध्याकाळची वीज मात्र बाजारातून घ्यावी लागेल, जिथे टंचाईत भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो.

म्हणजे कमी बोली ही फक्त सुरुवात आहे. ठेकेदाराने सेल पुरवठ्याचा पक्का करार दाखवला आहे का? प्रकल्प उशिरा आला तर सरकारी मदत बुडेल की राहील? बॅटरी रोज किती वेळा वापरणार? दहा वर्षांनी तिची ताकद किती उरेल? उरलेली १५ टक्के क्षमता ठेकेदाराने बाजारात विकली तर फायदा कोणाचा? हे प्रश्न आज विचारायचे आहेत.

विचारायला जागाही आहे. वीज कायदा २००३ नुसार निविदेतून निघालेला दर नियामक आयोगाने स्वीकारावा लागतो, आणि वीजदर ठरवताना आयोग लोकांच्या हरकती-सूचना मागवतो. आयोग नाही म्हणू शकतो. २०२२ च्या त्याच १०.८४ लाखांच्या दराला केंद्रीय आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला.

प्रकल्प चांगला असला म्हणजे व्यवहार न्याय्य असतोच असे नाही, हे खान्देशाला सांगायची गरज नाही. दोंडाईचाच्या नियोजित सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागत विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि जीव गमावला. सूर्याची वीज स्वच्छ असते. कागद स्वच्छ आहे की नाही, ते वाचून ठरवावे लागते.

आपल्यात आयटीआय झालेले वायरमन आहेत, कॉमर्सची मुले आहेत, वकिलीला बसलेल्या मुली आहेत. चार-पाच जणांनी मिळून महावितरणची एक याचिका वाचावी, शंका मराठीत लिहून आयोगाला पाठवाव्यात. मोहल्ल्यात वीजबिल आल्यावर जो राग निघतो, तो वर्षभर आधी, दोन पानी अर्जात निघाला तर त्याचा उपयोग होईल. दहा-पंधरा वर्षे भाडे आपणच भरणार आहोत. भाडेपट्टी वाचण्याचा हक्कही आपलाच आहे.